पाच भोकांची प्लेट

माझ्या ऑक्टोबरच्या यादीत बारा वर्षं एक ओळ कायम होती. वरखालची कामं बदलायची. पन्हळीतली पानं काढणे, फर्नेसचा फिल्टर, चौघांच्या फ्लूच्या लशी, मंडळाला फराळाची वाटणी कळवणे. ही ओळ मात्र हलायची नाही: ‘उमरेडकर काका. पाच भोकं. पेन नेणे.’ फ्रिजवर लावलेली यादी वाचण्याचा हक्क आपल्याला आहे असं समजणारे पाहुणे आपल्याकडे पुष्कळ असतात. ते या ओळीपाशी यायचे, थांबायचे, आणि चहा होईपर्यंत माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायचे. मी खुलासा करत नसे. यादी माझ्यासाठी असते.

खुलासा आता करते, कारण गेल्या ऑक्टोबरात ती ओळ लिहायची वेळ आली नाही.

उमरेडकर काका मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आमच्या शेजारच्या घरात राहायचे. मूळचे नागपूरचे. ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटी विभागात होते, म्हणजे दुसऱ्यांच्या कामात चुका काढण्याचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्तीनंतर पगार थांबला, काम चालू राहिलं. कारखान्यात सदोष मालाला दोरा ओवलेला लाल पुठ्ठ्याचा टॅग लावतात. त्यावर दोष काय, कुणी तपासलं आणि तारीख एवढं लिहायचं. काका निघताना अशा टॅगांचा एक अख्खा खोका घरी घेऊन आले. कंपनीने निरोपाला घड्याळही दिलं होतं, ते कुठे गेलं कुणास ठाऊक. खोक्याला मात्र हॉलमधल्या शेल्फवर, थेट नातवंडांच्या फोटोंशेजारी जागा मिळाली.

पहिला टॅग आम्हाला राहायला आल्यावर आठवड्यातच मिळाला. माझ्या नवऱ्याने, नितीनने, ड्राइव्हवेवरचं बर्फ काढलं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. सकाळी फावड्याच्या दांड्याला लाल टॅग: ‘डावी कड बाकी. अंदाजे नऊ इंच.’ मंडळाच्या दिवाळीत चहाच्या मोठ्या थर्मासला टॅग लागला, ‘कोमट’. एका वक्त्याच्या भाषणानंतर माइकला टॅग लागला. त्यावर दोषाच्या रकान्यात नुसतं ‘माइक ठीक आहे’ असं होतं. त्या वक्त्याने त्यानंतर मंडळ बदललं. आमच्या गावात मराठी मंडळ एकच असल्यामुळे त्याला त्यासाठी नवीन काढावं लागलं.

शर्टाच्या खिशात त्यांच्या वयाचे लोक चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या ठेवतात, तिथे काका मोजमापाचा कॅलिपर ठेवायचे. कुणी म्हणालं, “काका, हा पडदा जरा तिरका वाटतो का हो?” की कॅलिपर बाहेर. “मत नको, माप दे,” हे त्यांचं वाक्य. शैलाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, कपाळाला हात लावून म्हणायच्या, “लग्नाच्या वेळी हा कॅलिपर नव्हता हो यांच्याकडे. नाही तर मी नापासच झाले असते.”

“काहून?” काका अगदी गंभीरपणे म्हणायचे. “तेव्हा माझ्याकडे मोजपट्टी होती.”

तर अशा या माणसाकडे एक शिकारीची रायफल होती.

ती साधी नव्हती. साध्या रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत ढकलणारा आणि रिकामं काडतूस बाहेर काढणारा दांडा, आधी वर फिरवायचा, मग मागे ओढायचा, मग पुढे ढकलायचा, मग खाली फिरवायचा. काकांची जर्मन रायफल सरळ खेचायची होती. मागे, पुढे, झालं. हे चाराचे दोन कसे झाले ते त्यांनी मला पहिल्या वर्षी चाळीस मिनिटं समजावलं. त्या वेळात मी मनातल्या मनात महिन्याभराचं वाणसामान लिहून काढलं. पण एवढं लक्षात राहिलं की ती भरलेली असली तरी तिची स्प्रिंग निवांत असते. अंगठ्याने एक खटका पुढे सरकवला तरच ती ताणली जाते, मागे घेतला की पुन्हा सैल. “म्हणजे आपण ठरवेपर्यंत ती काहीच ठरवत नाही,” काका म्हणाले. घरातल्या कुठल्याच माणसाविषयी त्यांनी इतकं चांगलं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

हौशी माणसाने जर्मन खेळणं घेतलंय, असं आम्ही सगळे समजत होतो. खरं कारण काकूंनी सांगितलं. कारखान्यात एकदा प्रेसमध्ये काकांचा उजवा हात सापडला होता. हात वाचला, पण मनगट कायमचं आखडलं. पुढेमागे होतं, वळत नाही. किल्ली ते डाव्या हाताने फिरवायचे, लोणच्याची बरणी काकू उघडून द्यायच्या, आणि दाराची गोल मूठ दिसली की ते सभ्यपणे “आधी तुम्ही” म्हणत बाजूला व्हायचे. या सौजन्याबद्दल ते मंडळात प्रसिद्ध होते. साध्या रायफलीचा बोल्ट त्यांना उचलताच आला नसता. म्हणजे चाराचे दोन ही चाळीस मिनिटांची सगळी इंजिनिअरिंग एका न वळणाऱ्या मनगटाभोवती रचलेली होती, आणि ते सांगणं सोडून ते बाकी सगळं सांगत होते.

शिकारीला ते डेलबरोबर जायचे. डेल त्याच कारखान्यात मशिनवर होता. उंच, लाल चेहऱ्याचा, काकांना ‘उमी’ म्हणणारा. उत्तरेला चार तासांवर पाइनच्या जंगलात त्याच्या वडिलांची लाकडी केबिन होती. मिशिगनमध्ये बंदुकीने हरणं मारायचा हंगाम पंधरा नोव्हेंबरला सुरू होतो. त्या दिवशी निम्मा कारखाना आजारी पडतो आणि साहेब त्याबद्दल कुणाला विचारत नाहीत, कारण तेही आजारी असतात.

आमच्या मंडळाला हे सगळं फार लागलं. चिकन बिर्याणीचे डबे दोन-दोन घेऊन जाणाऱ्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, “तुमचे ते काका खरंच मारतात? म्हणजे स्वतः?” जणू त्यांच्या डब्यातली कोंबडी वार्धक्याने गेली होती. काकू शाकाहारी, त्यांच्या स्वयंपाकघरात हरणाला प्रवेश नव्हता. मग काकांनी गॅरेजमध्ये शेगडी मांडली, वेगळा कुकर आणला आणि वऱ्हाडी मसाल्यात हरणाचा रस्सा करायला लागले. “गॅरेजमध्ये दुसरा संसार थाटलाय,” काकू सांगायच्या. मंडळातले तात्त्विक विरोधक मागच्या बाजूने गॅरेजमध्ये येऊन दोन-दोन वाट्या रस्सा पिऊन, पुढच्या दाराने काकूंना नमस्कार करून जायचे.

आता भोकं.

पहिल्याच हंगामात काकांनी एका हरणावर गोळी झाडली आणि ती पोटात लागली. हरीण पळालं. ही गोष्ट काकांनी मला कधीच सांगितली नाही, डेलने सांगितली. ते दोघं अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरले. दुसऱ्या दिवशी उजाडताच काका एकटेच परत निघाले. हरीण दुपारी ओढ्याच्या काठाला सापडलं, आणि ते जिवंत होतं. “उमीने ते संपवलं, आणि तिथेच बसून राहिला,” डेल म्हणाला. “मग विचारलं, केबिनमध्ये कागदी प्लेटा आहेत का. मला वाटलं, भूक लागली असेल.”

जेवणाची साधी पांढरी कागदी प्लेट. हरणाच्या छातीत गोळी जिथे लागायला हवी ती जागा साधारण तेवढीच असते. तेव्हापासून नियम: दर ऑक्टोबरात नेमबाजीच्या रेंजवर, शंभर यार्डांवरून, पाच गोळ्या. पाचही प्लेटमध्ये लागल्या तर जंगलात जायचं. चार लागल्या तर त्या वर्षी घरी बसायचं. पुन्हा प्रयत्न नाही, ‘वारा होता’ नाही, ‘झोप झाली नव्हती’ नाही. प्लेटच्या मागे तारीख, भोकांचा आकडा, आणि दोन सह्या, एक नेमबाजाची आणि एक साक्षीदाराची. कारण स्वतःचा माल स्वतः तपासणारा माणूस, काकांच्या मते, तपासत नसतो, कौतुक करत असतो.

आधी साक्षीदार काकू होत्या. त्यांचे गुडघे गेल्यावर जागा रिकामी झाली. “मंजिरी, तुझ्याकडे याद्या असतात,” काका म्हणाले. मुलाखत एवढीच झाली.

रेंजवरच्या पहिल्याच दिवशी मी कानांवर मोठी आवरणं चढवून, हातात क्लिपबोर्ड घेऊन उभी राहिले, तर शेजारच्या दाढीवाल्याने घाबरून मला आपलं लायसन्स दाखवलं. मी ते तपासलं. ठीक होतं. गोळीबार थांबल्याचा पुकारा झाला की सगळे आपापल्या निशाण्याकडे चालत जायचे. इतर लोक वाटेत गप्पा मारायचे, काका गप्प असायचे. प्लेटपाशी गेल्यावर मी मोजायचे, मग ते कॅलिपर काढून सगळ्यात बाहेरचं भोक कडेपासून किती आत आहे ते मोजायचे, मग मी लिहायचे, मग सह्या. मग गाडीत बसून शैलाकाकूंचे पराठे. अकरा वर्षं पाच. मला हे काम आवडायला लागलं होतं, याची मी घरी वाच्यता केली नाही.

मधल्या एका वर्षी डेलची प्लेट चारवर आली. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि तो ते मान्य करत नव्हता. पाचवं भोक प्लेटच्या बाहेर बोटभर होतं.

“जवळच आहे, उमी,” डेल हसत म्हणाला. “हरीण काही कॅलिपर घेऊन येत नाही.”

“हरीण आपल्याकडे येतच नाही, डेल. आपण त्याच्याकडे जातो,” काका म्हणाले, आणि त्याच्या वडिलांच्या वेळच्या रायफलीला लाल टॅग बांधला.

लक्षात घ्या, जंगल डेलचं, केबिन डेलची, पहिली बंदूक हातात दिली ती डेलने. डेल सगळा हिवाळा काकांशी बोलला नाही. काकू म्हणाल्या, “अहो, एक फोन करा. बोटभर तर होतं.” काका म्हणाले, “पोट छातीपासून बोटभरच असतं.” पुढच्या वर्षी डेल ऑपरेशन करून आला, पाच आणल्या, आणि प्लेट काकांच्या अंगावर फेकली. काकांनी ती मोजली.

आता मागच्याच्या मागच्या ऑक्टोबरची गोष्ट. काका पंचाहत्तरीला आले होते. वसंतात घर विकून अर्विंगला मुलीकडे जायचं ठरलं होतं. काकूंच्या गुडघ्यांना टेक्सासची हवा मानवणार होती आणि काकांना कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे हा शेवटचा हंगाम. डेलने केबिनचं छप्पर नीट करायला काढलं होतं. काका शिकाऱ्यांची नवी नारिंगी टोपी आणणार होते. माझ्या लक्षात आलं होतं की काकांच्या कपातला चहा हल्ली बशीत हेलकावून येतो. पण ते माझं मत होतं, माप नव्हतं, म्हणून मी गप्प होते.

पाच गोळ्या झाल्या. प्रत्येक वेळी ती मागे-पुढे, खट-खट, जराही घाई नाही. बोल्ट उघडा ठेवून ते उठले. आम्ही चालत गेलो.

प्लेटमध्ये चार भोकं होती.

मी मोजली. पुन्हा मोजली. प्लेटच्या मागचा पुठ्ठा बघितला. तो आधीच्या लोकांनी चाळणी करून ठेवलेला होता, त्यातून काहीच कळत नव्हतं.

“हे डावीकडचं जरा मोठं दिसतंय,” काका म्हणाले. “एकातून दोन गेल्या असतील. होतं असं कधीकधी.”

दिसतंय. असतील. बारा वर्षांत या माणसाच्या तोंडून हे शब्द मी ऐकले नव्हते. आणि कॅलिपर खिशात होता. त्याचं टोक मला दिसत होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही. ते प्लेटकडे बघत नव्हते, माझ्या पेनकडे बघत होते.

मी आयुष्यात चुकीची नोंद केलेली नाही. मुलांनी दात घासले की नाही याचा तक्तासुद्धा माझा बिनचूक होता. मी प्लेट काढली, उलटी केली, गुडघ्यावर धरली आणि लिहिलं: ५. खाली सही केली.

“हो, मोठं दिसतंय,” मी म्हणाले.

काकांनी प्लेट घेतली. “मी घरी करतो सही,” म्हणाले. परत येताना मी पेट्रोल पंपावर बाथरूमला जाऊन आले, तेव्हा ते ट्रकमध्ये समोर बघत बसले होते. पराठे तसेच राहिले. पुढचे तीन आठवडे मी स्वतःची समजूत घातली की एका म्हाताऱ्या माणसाचा शेवटचा हंगाम आणि एक आकडा यांत तुलनाच नाही. फार पटणारा मुद्दा होता. मी तो रोज मांडायचे.

चौदा नोव्हेंबरला ते दोघं निघत असत. सकाळी सातला काकांचा ट्रक भरलेला दिसला: झोपायच्या पिशव्या, कुकर, मसाल्याचा डबा. आठला दार वाजलं. काका प्लेट आणि पेन घेऊन उभे होते.

“मंजिरी, नोंद दुरुस्त करायची आहे. खोडायचं नाही. चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मार, शेजारी खरा लिही, बाजूला छोटी सही कर. जुना आकडा वाचता आला पाहिजे.”

“तुम्ही मोजलंत?”

“चारही मोजली. चारही सारखी. डावीकडच्याची लांबी-रुंदी एक. एकच गोळी गेली त्यातून.”

“आत्ता मोजलंत?”

काकांनी आमचं तिरकं पायपुसणं बुटाने सरळ केलं. “नाही. तू बाथरूमला गेलीस तेव्हाच. ट्रकमध्ये.”

“तीन आठवडे झाले, काका!”

“हो ना. तीन आठवडे तुझी सही वापरली. वाटलं, तिची सही आहे, ती चुकत नाही. टोपी आणली. छपराचं सामान उतरवायला डेलकडे गेलो. काल रात्री स्वतःची सही करायला बसलो.” त्यांनी प्लेट पुढे केली. “नाही करता आली बापा.”

मी रेघ मारली, शेजारी ४ लिहिलं, बाजूला सही केली. त्यांनी दाराला टेकवून खाली स्वतःची सही केली. दोन्ही सह्या झाल्या. मग त्यांनी माझ्या गोल मुठीच्या दाराकडे बघून, “आधी तू,” असं म्हणत मला आत घालवलं आणि दार ओढून घेतलं.

मी खिडकीतून बघत होते. डेलचा ट्रक आला. दोघं ड्राइव्हवेवर उभे राहून बोलले. डेलने प्लेट हातात घेतली, उलटीसुलटी केली. आता हा हसणार, एवढ्या वर्षांचा हिशोब चुकता करणार, असं मला वाटलं. डेलने प्लेट परत केली, स्वतःच्या ट्रकची पाठ उघडली आणि सामान उतरवायला लागला.

पंधराला पहाटे मी पोहे केले. यादीत नव्हते. उजाडताना ताट घेऊन गेले तर गॅरेजचं दार वर केलेलं, आत दोन घडीच्या खुर्च्या, समोर काकांची शेगडी, आणि खुर्च्यांवर दोन म्हातारे नारिंगी टोप्या आणि नारिंगी जाकिटं घालून ट्रॉयमधल्या आमच्या गल्लीकडे टक लावून बसलेले. समोरून एक बाई कुत्र्याला फिरवत गेली. दोघांनी तिला गंभीरपणे मान हलवली. डेलच्या मांडीवर काकांची रायफल होती, रिकामी, बोल्ट उघडा. तो पहिल्यांदाच ती हाताळत असावा. मागे, पुढे. मागे, पुढे.

“लोण्यासारखी चालते, उमी,” तो म्हणाला.

“पुढच्या वर्षी तू ने,” काका म्हणाले. “पाच आल्या तर.”

वसंतात ते अर्विंगला गेले, त्या सकाळी मी मुलीच्या शाळेत होते. म्हणून मी त्यांना शेवटचं बघितलं ते हेच धरते. काकांच्या नारिंगी जाकिटाच्या चेनला लाल टॅग बांधलेला होता. दोष: पाचात चार. तपासणी: उमरेडकर. तारीख ऑक्टोबरचीच टाकली होती, रेंजवरच्या दिवसाची.

मी पोह्यांच्या बशा दिल्या. काकांनी एक चमचा खाल्ला, थांबले.

“मीठ मोजून घातलंस की अंदाजे?”

“अंदाजे,” मी म्हणाले.

त्यांनी सवयीने खिशात हात घातला, इकडेतिकडे चाचपलं, आणि हात रिकामाच बाहेर काढला.

“टॅग संपले,” ते म्हणाले, आणि बशी जवळ ओढून खायला लागले.